चार अंगुळे सावली

पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या जुन्या घरात, माजघरातील फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखते, वारसाहक्काचे दाखले आणि कोर्टातील जुन्या निवाड्यांच्या नकला यांच्या समवेत तांबड्या फडक्यात बांधलेली कागदांची एक गुंडाळी हमखास सापडते, आणि ती सोडली म्हणजे हळदीकुंकवाची बोटे उमटलेल्या चार-पाच जन्मपत्रिका तीतून बाहेर पडतात. जमिनीच्या कागदातील मजकूर घरातल्या कर्त्या माणसाला मुखोद्गत असतो. बांध कोठून कोठवर जातो, खाडीकडचा तुकडा किती गुंठ्यांचा, त्यावर कोणाचा बोजा आहे, हे तो झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. परंतु त्याच फडक्यातील जो कागद त्याच्या स्वतःच्या जन्माचा आहे, त्यातील चौकटीत घातलेले आकडे कशाचे, त्या आकड्यांच्या शेजारी लिहिलेली अक्षरे कोणाची, आणि तो सगळा तपशील कोठून आला, हे त्याला सांगता येत नाही. ज्याच्या आधारे मुलीचे स्थळ स्वीकारले किंवा नाकारले जाते, तो एकच दस्तऐवज आपण न वाचता मान्य करतो. पुढील पाने लिहिण्याचे प्रयोजन एवढेच, की हा कागद ज्याचा त्याला वाचता यावा.

फलज्योतिषावर श्रद्धा ठेवावी की ठेवू नये, हा वाद घालण्यापूर्वी पत्रिका ही मुळात काय वस्तू आहे, हे दोन्ही पक्षांनी समजून घेणे अगत्याचे आहे, असे माझे मत आहे. आणि पुष्कळ वर्षे दोन्ही पक्षांच्या माणसांत वावरल्यावर मला असे आढळून आले की या प्राथमिक ज्ञानाचा अभाव दोहोंकडे सारखाच आहे.

पत्रिका म्हणजे आकाशाचा नकाशा. अमुक गावी, अमुक क्षणी, पूर्व क्षितिजावर राशिचक्राचा कोणता भाग उगवत होता आणि त्या क्षणी सूर्य, चंद्र व इतर ग्रह त्या चक्रात कोठे होते, एवढेच ती सांगते. महाराष्ट्रात रूढ असलेल्या चौकटीत वरचे मधले घर हे लग्न. त्यात जो आकडा असेल ती उगवती रास, एक म्हणजे मेष, दोन म्हणजे वृषभ, याप्रमाणे बारा म्हणजे मीन. तेथून डाव्या हाताने घरे मोजीत गेले की चौथे घर पायाखालच्या आकाशाचे, सातवे मावळतीचे आणि दहावे माथ्यावरचे. एवढे ध्यानात ठेवले की कोणतीही पत्रिका, ज्योतिषाचे एक अक्षर न शिकलेल्या माणसालाही तपासून पाहता येते. सूर्योदयाच्या सुमारास जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत सूर्य लग्नात किंवा अगदी त्याच्या लगत असला पाहिजे, माध्यान्ही जन्मलेल्याच्या दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताच्या वेळचा सातव्यात, मध्यरात्रीचा चौथ्यात. अमावास्येचा जन्म असेल तर सूर्य आणि चंद्र एकाच ठिकाणी, पौर्णिमेचा असेल तर समोरासमोर. बुध सूर्यापासून अठ्ठावीस अंशांहून लांब जात नाही, शुक्र सत्तेचाळीस अंशांहून; तेव्हा बुध सूर्यापासून तीन घरे पलीकडे दिसला तर तो कागद चुकला, हे निःसंशय समजावे. राहू आणि केतू नेहमीच परस्परांच्या समोर. या परीक्षेला शकुनाची वा श्रद्धेची गरज नाही. ही केवळ भूमिती आहे.

आणि ही भूमिती स्थानपरत्वे बदलते, हे विशेषेकरून सांगावयाचे आहे. लग्न काढण्यासाठी आपल्या ज्योतिषांनी गावाचे अक्षांश सांगण्याची एक मोठी सुटसुटीत रीत वापरली. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करावयाचा, आणि ज्या दिवशी दिवसरात्र समान असतात त्या दिवशी माध्यान्ही त्याची सावली किती अंगुळे पडते ते मोजावयाचे. त्या सावलीला पलभा म्हणतात. रोह्याचे अक्षांश साडेअठरा अंशांच्या किंचित आत आहेत, आणि गणित केले असता रोह्याची पलभा नेमकी चार अंगुळे भरते; पेणची चार अंगुळांहून किंचित अधिक, फरक एका अंगुळाच्या दशांशाहूनही कमी. हा चारचा आकडा हाती आला की पुढचे काम पोराने करावे इतके सोपे होते. चाराला दहाने, आठाने आणि दहाच्या तृतीयांशाने गुणावे. चाळीस, बत्तीस आणि तेरा पळे येतात; हीच चरखंडे. विषुववृत्तावर पहिल्या तीन सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशी उगवण्यास अनुक्रमे २७८, २९९ आणि ३२३ पळे लागतात; त्यांतून ही वजा केली की रोह्याच्या क्षितिजावर मेषेला २३८, वृषभेला २६७ आणि मिथुनेला ३१० पळे लागतात, आणि तीच उलट क्रमाने मिळविली की कर्केला ३३६, सिंहेला ३३१, कन्येला ३१८. साठ पळांची एक घटका, आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा आमच्या या मुलखात मेष रास पावणेदोन तासांच्याही आत, म्हणजे एक तास पस्तीस मिनिटांत वर येते, आणि कर्क रास सव्वादोन तास घेते. सहा राशींची बेरीज बरोबर १८०० पळे, म्हणजे अर्धा दिवस, होते, जमाखर्च जुळतो. काशीला किंवा उज्जयिनीला हेच आकडे चालणार नाहीत.

ही पलभेची आणि चरखंडांची रीत ज्या ग्रंथातून महाराष्ट्रातल्या शेकडो जोशांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली, तो ग्रंथ आमच्याच जिल्ह्यात लिहिला गेला. मुरूड तालुक्यात, काशीद आणि मुरूड यांच्या दरम्यान समुद्रकाठी नांदगाव आहे. सिद्धिविनायकाच्या देवळामुळे तेथे जाणारे पुष्कळ आहेत, पण त्याच गावी पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ राहत होता आणि त्याने शके १४१८ मध्ये, म्हणजे १४९६ साली, ग्रहकौतुक लिहिले, हे ठाऊक असणारे थोडे. केशवाचा मुलगा गणेश याने १५२० साल, शके १४४२, हे आरंभवर्ष धरून ग्रहलाघव रचले. त्यापूर्वी सिद्धांतग्रंथांवरून ग्रहांची स्थाने काढावयाची म्हणजे कल्पारंभापासूनचे किंवा कलियुगारंभापासूनचे दिवस मोजावे लागत, आणि ज्या व चाप यांची लांबलचक कोष्टके घेऊन बसावे लागे. गणेशाने अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पून मोठमोठ्या संख्या दूर केल्या आणि ज्याचापांचा संपूर्ण लोप करून त्यांच्या जागी साधे गुणाकार-भागाकार बसविले. पाटी आणि धूळ एवढ्याच सामग्रीवर खेड्यातला जोशी पंचांग करू शकला, तो या एका पुरुषाच्या बुद्धीमुळे. त्याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली, तिथी झटपट काढण्यासाठी तिथिचिंतामणि रचला; पण मला त्याचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच वाटते. जुन्या सिद्धांतांपैकी कोणता ग्रह कोणत्या ग्रंथाप्रमाणे आकाशाशी जुळतो, हे बापलेकांनी प्रत्यक्ष वेध घेऊन पाहिले. सूर्य एका सिद्धांताचा घेतला, गुरू दुसऱ्याचा, आणि शनी जुळेना तेव्हा त्याला अंशांची दुरुस्ती दिली. ग्रंथ आणि आकाश यांत विरोध आला तर आकाश प्रमाण मानावे, ही त्यांची भूमिका होती, आणि पुढल्या पिढ्यांनीही वेध घेऊन ग्रहगती सुधारीत राहावे, ही त्यांची अपेक्षा होती.

ती अपेक्षा पुढील तीन शतके पुरी झाली नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे. ग्रहलाघव इतके सुलभ होते की लोकांनी ते वेदवाक्य मानले आणि वर पाहणे सोडले. एकोणिसाव्या शतकात ग्रहणांच्या वेळा आणि ग्रहांच्या युती पंचांगात लिहिल्याप्रमाणे घडेनाशा झाल्या, तेव्हा ते काम हाती घेतले तेही याच जिल्ह्यातल्या माणसाने. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. लोकमान्य टिळकांचे हे गणिताचे गुरू. त्यांनी पाश्चात्त्य वेधांच्या आधारे ग्रहसाधनांची कोष्टके १८६० साली प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून, शके १७८७ पासून, नव्या गणिताचे पंचांग सुरू केले, तेच पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. त्यानंतरचा सगळा वृत्तांत, आणि त्याच्या मागचा दोन हजार वर्षांचाही, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात इतक्या साक्षेपाने लिहून ठेवला आहे की त्या विषयावर मराठीत लेखणी उचलणाऱ्या प्रत्येकाने प्रथम त्यांना वंदन करावे. नांदगाव आणि नागाव ही दोन गावे पेण-रोह्याच्या माणसाला परकी नाहीत. बहुतेकांची एखादी तरी सोयरीक तिकडे आहे. म्हणूनच पत्रिकेतले गणित ही आम्हाला दूरदेशीची विद्या वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ कोठले, हा प्रश्न. वेदांगज्योतिषात सत्तावीस नक्षत्रे आहेत, तिथी आहेत, अयने आहेत, पाच वर्षांचे युग आहे. पण बारा राशी नाहीत, सात वार नाहीत, लग्न नाही, आणि कोणाच्या जन्मावरून त्याचे भविष्य सांगण्याचा उल्लेखही नाही. ते ज्योतिष यज्ञाचा काळ ठरविण्यासाठी होते. जन्मकाळच्या ग्रहांवरून भाकीत सांगण्याची कल्पना बाबिलोनची. तेथील मातीच्या इष्टिकांवर कोरलेली, इसवी सनापूर्वी ४१० या वर्षाची जन्मटिपणे आजही उपलब्ध आहेत. राशिचक्राचे बारा समान भागही तेथलेच. तेथून ती विद्या ग्रीकांच्या हाती मिसर देशात गेली, उगवत्या राशीवरून घरे मोजण्याची पद्धत तेथे सिद्ध झाली, आणि समुद्रमार्गे येणाऱ्या यवनांबरोबर ती आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखात पोहोचली. पत्रिकेच्या भाषेत याचे दाखले ठायी ठायी आहेत. होरा, केंद्र, द्रेक्काण, पणफर, आपोक्लिम, जामित्र, हिबुक, अनफा, सुनफा, हे शब्द ग्रीक भाषेतून आलेले आहेत. सहाव्या शतकात उज्जयिनीस वराहमिहिराने बृहज्जातक लिहिले, त्यात राशींची ग्रीक नावेही त्याने न संकोचता नोंदविली आहेत, आणि यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात पारंगत असल्यामुळे ते ऋषींसारखे पूज्य होत, असा जुना अभिप्रायही त्याने अन्यत्र आदराने उद्धृत केला आहे. पुढे फारसी-अरबी वाटेने ताजिक आले, वर्षफळाची पद्धत, मुंथा, सहम, इत्थशाल ही तिची परिभाषा. आणि नांदगावच्या केशवाने तिच्यावरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही विद्या केवळ आमची, असा अभिमान जे बाळगतात त्यांनी, आणि ही परकी म्हणून जे तिला तुच्छ लेखतात त्यांनीही, ही हकीकत ध्यानात घ्यावी. नक्षत्रे आमची, राशी बाहेरच्या, आणि दोहोंचा मेळ घालून प्रत्येक राशीत सव्वादोन नक्षत्रे, म्हणजे नऊ चरण, बसविण्याची युक्ती पुन्हा आमची.

या विद्येतील जो भाग यज्ञाशी आणि शेतीशी निगडित होता, तो आमच्या जिल्ह्यात अजून जिवंत आहे. धरमतरच्या खाडीवर होडी घालणारा कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. खाडीच्या तोंडाशी हा हिशेब आजही उपयोगी पडतो. आत यावे तसे पाणी थोडे उशिरा चढते, तेवढी सूट तो अनुभवाने धरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खारबंधाऱ्यावर रात्र जागवणारा पेण तालुक्यातला शेतकरी आणि अष्टमीच्या भांगात जाळे आवरून बसणारा रेवदंड्याच्या बाजूचा कोळी, हे दोघेही सूर्य-चंद्रांतले अंतर वापरीत असतात. बारा अंशांचे अंतर म्हणजे एक तिथी, ही व्याख्या त्यांना सांगितली नसली तरी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांचे तर सगळे वर्षच पंचांगावर बेतलेले. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. मूर्ती देण्याची तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२२ साली गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला गेली, आणि रंगकामाला तेवढे अधिक दिवस मिळाले. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, याविषयी मात्र एक सूचना केली पाहिजे. संपातबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरतो, त्यामुळे ऋतूंच्या मानाने मृग हळूहळू पुढे चालला आहे; गणेश दैवज्ञाच्या काळी तो आजच्यापेक्षा सुमारे सात दिवस अगोदर लागत असे. पाऊस नक्षत्राला बांधलेला नाही, सूर्याच्या उत्तरेकडील मार्गक्रमणाला बांधलेला आहे. हे जे अंतर साठत जाते, त्यालाच अयनांश म्हणतात, आणि ते किती धरावयाचे यावरून आमच्या पंचांगकर्त्यांत जो चैत्र आणि रैवत पक्षांचा कलह माजला, टिळकांसारख्यांनी ज्यासाठी मुंबई, पुणे, सांगली येथे संमेलने भरविली, त्याचा विचार पुढे स्वतंत्र प्रकरणात येईल. केंद्र सरकारने नेमलेल्या मेघनाद साहा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा आकडा ठरविला, आणि आज बहुतेक मराठी पंचांगे त्याच धोरणाने चालतात.

फलिताविषयी मी आता स्पष्ट बोलतो; पण आधी ज्या पत्रिकांवरून ते सांगतात त्यांच्या अचूकपणाविषयी. जुन्या पत्रिकांतील चुकांचे सर्वांत मोठे कारण घड्याळ आहे. प्रमाणवेळ ८२॥ रेखांशांची. पेण-रोहे ७३ रेखांशांच्या किंचित पुढे, म्हणून आमची स्थानिक वेळ घड्याळाच्या अडतीस मिनिटे मागे. ही प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबई शहरात जुनी मुंबई-वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, आणि मुंबईशी रोजचा संबंध असलेल्या आमच्या माणसांनी जन्माची वेळ कोणत्या घड्याळाची लिहिली हे विचारल्यावाचून कळत नाही. त्यात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे सर्व घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या काळात जन्मलेल्या मुलाची घड्याळी वेळ स्थानिक वेळेच्या एक तास अडतीस मिनिटे पुढे. म्हणजे मेष लग्नाच्या संपूर्ण अवधीएवढी चूक. आमच्याच घरातील १९४३ च्या एका पत्रिकेत हे घडले. आजी सांगत असे की मुलगी झाली तेव्हा अंगणात नुकते ऊन आले होते. आणि पत्रिकेत सूर्य बाराव्या घरी. ज्याने ती मांडली त्याने घड्याळातले आकडे तसेच घेतले होते. त्या पत्रिकेतल्या मंगळाच्या स्थानावरून तीन स्थळे परत गेली, आणि ती चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा ती मुलगी साठीची झाली होती. या पुस्तकाचा संकल्प मी त्या दिवशी केला.

मंगळाचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे, या पाच घरांत मंगळ असला तर दोष मानतात. घरे एकूण बारा. म्हणजे बारांतील पाच माणसे, शंभरांतील एकेचाळीस-बेचाळीस, मंगळाचीच. ज्या दोषाची व्याप्ती जवळजवळ निम्म्या समाजावर आहे, त्याच्या नावाने एका मुलीला वेगळे काढणे हा अन्याय आहे. छत्तीस गुणांचेही असेच. वर्णापासून नाडीपर्यंतचे आठही कूट केवळ चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून काढलेले असतात, आणि चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस राहतो. तेव्हा त्या दिवशी जन्मलेल्या बहुतेक सर्व मुलींचे गुण एखाद्या मुलाशी सारखेच जुळणार, मग त्यांचे स्वभाव, शिक्षण, प्रकृती कशीही असो. जयंत नारळीकरांनी काही वर्षांपूर्वी पुण्यात परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका जमविल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, आणि कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली; बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ आले. नाणे उडविले असते तर पन्नास यावयाचे. आकाश प्रमाण मानणाऱ्या नांदगावच्या बापलेकांचे नाव घेणाऱ्याने हा निकालही त्याच नियमाने मान्य केला पाहिजे, आणि मी तो मान्य करतो. पत्रिकेतील गणित खरे आहे. त्यावरून माणसाचे भवितव्य कळते, याला पुरावा मिळालेला नाही. तरीही ही विद्या शिकण्याजोगी आहे, कारण तिच्यावाचून आपले सण, आपला पाऊस, आपली भरती-ओहोटी आणि आपल्या पूर्वजांची बुद्धी यांपैकी काहीच नीट उमगत नाही. आणि जो ती शिकला त्याला कोणी जोशी भय दाखवू शकत नाही.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी येत्या २० किंवा २१ मार्चला, आकाश स्वच्छ असेल तर, अंगणात किंवा गच्चीवर सपाट फळी ठेवून तिच्यावर बारा इंचांची पट्टी ओळंब्याने ताठ उभी करावी, आणि दुपारी बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, जेव्हा आपल्या गावी खरा मध्यान्ह होतो, तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करून अंतर मोजावे. रोह्यात ते चार इंच भरेल, पेणला त्याहून किंचित अधिक. ते स्वतःच्या हाताने मोजून झाले, की मग पान उलटावे.